स्वतःची भौतिकशास्त्रीय उपपत्ती इंटरनेटवर मांडताना: नवोदितांसाठी मार्गदर्शक

भौतिकशास्त्राची ओढ असलेल्या, पण कोणत्याही विद्यापीठाशी किंवा संशोधन संस्थेशी संबंध नसलेल्या माणसाला कधीतरी एखादी कल्पना सुचते, तो ती महिनोन्महिने वहीत मांडत राहतो आणि शेवटी इंटरनेटवर टाकतो. बहुतेक वेळा त्यानंतर काहीच घडत नाही. कोणी दाद देत नाही, आणि कोणी खोडून काढायलाही येत नाही. या शांततेमागे कारस्थान शोधण्याचा मोह होतो, परंतु कारण साधे असते: वाचणाऱ्याला पहिल्या दोन पानांत तपासून पाहता येईल असे काही सापडलेले नसते. मीही हौशी गटातलाच आहे. स्वतःची टिपणे या मार्गाने सार्वजनिक केल्यानंतर आता इतर हौशी मंडळींचे मसुदे वाचण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते. तुमची कल्पना बरोबर आहे की चूक, हे या लेखातून कळणार नाही. एखाद्या जाणकाराला तिच्यासाठी अर्धा तास काढावासा वाटेल अशा रूपात ती कशी आणावी, एवढाच इथला विषय आहे.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी असाव्यात अशा गोष्टी:

- पदवी पातळीची यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व आणि ज्या शाखेत तुमचा दावा आहे त्या शाखेचे एक प्रमाण पाठ्यपुस्तक
- समीकरणे नीट छापणारे लेखनसाधन, म्हणजे लेटेक. संगणकावर काही बसवायचे नसेल तर ओव्हरलीफवर ब्राउझरमध्येच काम होते
- आकडेमोडीसाठी पायथन किंवा तत्सम भाषा, आणि लिहिलेला प्रोग्राम जपून ठेवण्याची जागा
- ऑर्किड क्रमांक, जो विनामूल्य मिळतो आणि एकाच नावाच्या अनेक लेखकांतून तुम्हाला वेगळे ओळखू देतो
- तारखांसह ठेवलेली कामाची वही किंवा फाईल

१. दावा एका वाक्यात लिहा

"विश्वाच्या रचनेचा नवा दृष्टिकोन" हा दावा नव्हे. "अमुक परिस्थितीत अमुक राशीचे मूल्य प्रचलित सिद्धांतापेक्षा इतके वेगळे येईल" हा दावा आहे. गुरुत्वाकर्षण, पुंजभौतिकी, कृष्णद्रव्य आणि चेतना हे सारे एकाच निबंधात उलगडणारा मसुदा वाचक पहिल्याच पानावर बाजूला ठेवतो, कारण त्यातली कोणती गोष्ट आधी तपासावी हेच त्याला कळत नाही.

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली आइनस्टाइन यांना पाठवलेला निबंध जेमतेम काही पानांचा होता, आणि त्यातला दावा एकच होता: प्लँक यांचे प्रारणाचे सूत्र अभिजात विद्युतगतिकीचा आधार न घेता, नव्या प्रकारच्या मोजणीतून मिळवता येते. सूत्र आधीच सर्वमान्य होते, वाट मात्र नवी होती. त्यामुळे वाचणाऱ्याला ती वाट पायरीपायरीने चालून बघता आली. आइनस्टाइन यांनी तो निबंध स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून छापायला पाठवला. बोस त्या वेळी ढाका विद्यापीठात शिकवत होते, म्हणजे ते हौशी नव्हते. तरीही अनोळखी माणसाला पाठवायचे लेखन कसे असावे याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

तुमचे वाक्य लिहून झाले की त्याखाली आणखी एक वाक्य लिहा: "अमुक निरीक्षण आले तर माझी उपपत्ती चूक ठरेल." हे दुसरे वाक्य सुचत नसेल, तर तूर्त प्रकाशनाचा विचार सोडून पुन्हा वहीकडे वळावे.

२. कल्पनेचे पूर्वज शोधा

हौशी लेखनात सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथे. जवळपास प्रत्येक सुंदर आणि सोपी कल्पना कोणाला तरी आधी सुचलेली असते, आणि ती का टिकली नाही याचीही नोंद असते.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू, कारण ही कल्पना नव्या लेखकांना पुन्हा पुन्हा सुचते. गुरुत्वाकर्षण ही ओढ नसून ढकल आहे: अवकाशात सर्व दिशांनी सूक्ष्म कण धावत आहेत, दोन वस्तू एकमेकींवर येणारे काही कण अडवतात, आणि त्यामुळे दोघींना बाहेरून आत ढकलले जाते. गणित केले तर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियमही त्यातून मिळतो, आणि तिथेच माणूस हुरळतो. ही कल्पना निकोला फातियो यांनी १६९० च्या सुमारास मांडली होती आणि अठराव्या शतकात जॉर्ज-लुई ल साज यांनी ती विस्ताराने विकसित केली. अडचणी दोन निघाल्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असताना तिच्या पुढच्या बाजूवर मागच्या बाजूपेक्षा जास्त कण आदळतील आणि त्या रोधाने तिची कक्षा टिकणार नाही. कणांचा वेग प्रचंड मानून रोध कमी करावा, तर वस्तूंनी शोषलेली ऊर्जा इतकी होते की त्या तापून नाहीशा व्हायला हव्यात. उष्णतेचा हा आक्षेप मॅक्सवेल यांनी १८७५ साली नोंदवला. आता तुमचा मसुदा याच जातीचा असेल, तर जाणकार वाचक थेट रोध आणि उष्णता या दोन शब्दांचा शोध घेईल. ते सापडले नाहीत तर तो पुढे वाचणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

"प्रकाश लांबचा प्रवास करताना थकतो, म्हणून तांबडा होतो, विश्व प्रसरण पावतच नाही" ही कल्पना फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्ये मांडली होती. दूरच्या सुपरनोव्हांचा उजेड वाढण्या-मावळण्याचा काळही त्यांच्या ताम्रसृतीच्या, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे सरकण्याच्या, प्रमाणात लांबलेला दिसतो, आणि नुसत्या थकव्याने हे होण्याचे कारण नाही. अशी नाती शोधण्यासाठी गूगल स्कॉलर, आर्काइव्ह (arXiv, भौतिकशास्त्रातील निबंधांचे खुले भांडार) आणि नासाची खगोलशास्त्रीय सूची पुरेशी आहे. मात्र स्वतःच घडवलेल्या नावाने शोधू नका. "स्पंदनीय अवकाशजाल" हे नाव तुमचे आहे, जगाचे नाही, आणि त्या नावाने काहीच सापडले नाही तर कल्पना नवी आहे असा गैरसमज पक्का होतो. तीच गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या भाषेत काय म्हणवली जाईल, हे आधी ठरवा आणि त्या शब्दांनी शोधा.

पूर्वज सापडला म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या आक्षेपाला तुमच्याकडे नवे उत्तर असेल, तर तेच तुमचा खरा दावा ठरते, आणि तो आधीच्या दाव्यापेक्षा बहुधा जास्त वाचनीय असतो.

३. मिती जुळतात का, आणि जुने निकाल परत मिळतात का

समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एकके जुळवून पाहणे ही शाळेतली सवय आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांपैकी बरेचसे इथेच अडखळतात. समजा तुम्ही लिहिले आहे की अवकाशाच्या प्रवाहामुळे वस्तूवर पडणारे बल हे तिचे वस्तुमान गुणिले प्रवाहाच्या वेगाचा वर्ग इतके असते. डाव्या बाजूला बल आहे: किलोग्रॅम गुणिले मीटर, भागिले सेकंदाचा वर्ग. उजव्या बाजूला किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग, भागिले सेकंदाचा वर्ग, म्हणजे ती ऊर्जा झाली. समीकरण सावरायचे तर उजव्या बाजूला कुठल्या तरी लांबीने भागावे लागेल. ही लांबी कोणती? वस्तूची त्रिज्या, दोन वस्तूंमधले अंतर, की निसर्गातली एखादी नवी मूलभूत लांबी? तिन्ही पर्यायांतून तीन निरनिराळ्या उपपत्त्या निघतात आणि त्यांची भाकितेही वेगळी असतात. मिती न जुळणे म्हणजे नुसती लेखनातली चूक नसते. उपपत्तीने अजून काय सांगितलेले नाही याचा पत्ता ती देते. "स्थिरांक एक मानला आहे" असे लिहून ही जागा बुजवू नका.

यानंतरची कसोटी म्हणजे जुने निकाल. प्रचलित सिद्धांत जिथे अचूक ठरले आहेत तिथे तुमच्या समीकरणांतूनही तीच उत्तरे यायला हवीत. गुरुत्वाकर्षणाबद्दल लिहीत असाल तर किमान पुढील चार आकडे काढून दाखवावेत. बुधाच्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू इतर ग्रहांचा परिणाम वजा केल्यावरही शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो. सूर्याच्या कडेला लागून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळतो. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि हा आकडा दुर्बल गुरुत्वामुळे होणाऱ्या ४५ मायक्रोसेकंदांच्या वाढीतून वेगामुळे होणारी ७ ची घट वजा करून येतो. चौथी कसोटी सर्वांत निर्दय आहे: १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या आणि त्याच घटनेचे गॅमा किरण सुमारे १.७ सेकंदांनी पोहोचले. कोट्यवधी वर्षांच्या प्रवासानंतर एवढाच फरक, म्हणजे दोघांचा वेग जवळजवळ तंतोतंत सारखा असला पाहिजे. या एका निरीक्षणाने व्यावसायिक भौतिकशास्त्रज्ञांनी रचलेल्या अनेक पर्यायी गुरुत्व-उपपत्त्या निकालात निघाल्या. तेव्हा ही कसोटी केवळ हौशी मंडळींना अडवण्यासाठी लावली जाते असे समजू नये.

चारही आकडे जमणार नसतील, तर निबंधाची व्याप्ती कमी करा आणि तसे स्पष्ट लिहा. "हे प्रारूप केवळ मंद वेग आणि दुर्बल क्षेत्र यांपुरते आहे" या एका वाक्याने निम्मे आक्षेप आधीच थांबतात.

४. आकड्यांच्या योगायोगाला भुलू नका

निसर्गातील स्थिरांक एकमेकांशी गुणून-भागून प्रसिद्ध संख्या मिळवणे हा हौशी लेखनातला लोकप्रिय प्रकार आहे. चार राशी घ्या, प्रत्येकीचा घातांक उणे तीन ते अधिक तीन यांमध्ये फिरवा. २,४०१ संयोग तयार होतात. त्यांपैकी एखादा कुठल्या तरी ओळखीच्या संख्येला हजारात एका भागाइतका जवळ आला, तर त्यात आश्चर्य काहीच नाही. न आल्यासच नवल वाटावे.

या सापळ्यात नवशिकेच सापडतात असेही नाही. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांमुळे नावाजलेले आर्थर एडिंग्टन यांनी सूक्ष्म-संरचना स्थिरांकाचा (विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणाऱ्या एकक नसलेल्या संख्येचा) व्यस्त निव्वळ तर्काने नेमका १३६ यायला हवा असे मांडले. मोजमापे १३७ कडे झुकू लागल्यावर त्यांच्या तर्कातून १३७ निघू लागला. आजचे मोजलेले मूल्य सुमारे १३७.०३६ आहे आणि ते पूर्णांक नाही. आकडा आधीपासून माहीत असताना बसवलेल्या सूत्राला भाकीत म्हणता येत नाही. असे सूत्र द्यायचेच असेल तर तुम्ही किती संयोग करून पाहिले आणि सूत्रात किती मोकळे आकडे आहेत, हे त्याच परिच्छेदात सांगा.

५. चॅटबॉटला परीक्षक समजू नका

अलीकडे बरेच मसुदे चॅटबॉटच्या मदतीने लिहिलेले असतात आणि ते लगेच ओळखू येतात: भाषा गुळगुळीत, मथळे भारदस्त, आणि समीकरणे एकमेकांपासून निघत नाहीत. अशी साधने विचारणाऱ्याच्या उत्साहाशी सूर जुळवतात. "ही कल्पना क्रांतिकारक आहे का?" असे विचाराल तर होकारार्थी उत्तराची शक्यता दाट. अस्तित्वात नसलेले संदर्भही ती पूर्ण तपशिलासह देतात, म्हणून प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय यादीत घालू नका. त्यांचा उपयोग करायचाच तर भाषा सुधारणे, प्रोग्राममधली चूक शोधणे, आणि "हा मसुदा दुसऱ्या कोणाचा आहे, यातली पहिली चुकीची पायरी दाखव" असे सांगून आक्षेप गोळा करणे, एवढ्यापुरता करावा. आलेला आक्षेपही कागदावर तपासावा लागतोच. मसुद्यातील जी पायरी तुम्हाला पाठ्यपुस्तकाच्या आधाराने फळ्यावर सोडवून दाखवता येत नाही, ती काढून टाका.

६. मसुदा लिहिताना

पाच ते आठ पाने पुरेशी आहेत. गोषवाऱ्यात दावा, पद्धत आणि मिळालेला आकडा या तीनच गोष्टी असाव्यात. नव्या संज्ञा कमीत कमी वापरा, आणि वापराल तिथे तिची व्याख्या समीकरणाने द्या. आकृत्यांवर अक्षांची नावे आणि एकके लिहा. तुमच्याच आकडेमोडीचा प्रोग्राम सोबत जोडा.

आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि "प्रस्थापित विज्ञानाची झापडे" यांचा उल्लेख मसुद्यात नको. जॉन बाएझ या गणिती भौतिकशास्त्रज्ञाने विक्षिप्त दाव्यांना गुण देणारी एक विनोदी यादी फार पूर्वी तयार केली आहे. स्वतःची गॅलिलिओशी तुलना केल्यास तीत भरघोस गुण मिळतात. प्रकाशनापूर्वी आपला मसुदा त्या यादीला लावून पाहणे बोचरे पण उपयोगी ठरते. पेटंट कार्यालयातल्या कारकुनाचा दाखला तर इतिहासालाही धरून नाही. आइनस्टाइन यांनी १९०० मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून पदविका मिळवली होती, १९०१ पासून त्यांचे निबंध त्या काळच्या आघाडीच्या शोधपत्रिकेत छापून येत होते, आणि १९०५ मध्येच त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंधही सादर केला.

सूर कसा असावा हे २०११ च्या न्यूट्रिनो प्रकरणातून शिकता येते. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत असल्याचे ऑपेरा या प्रयोगगटाला दिसले. सापेक्षता सिद्धांत कोसळल्याची दवंडी त्यांनी पिटली नाही. आपली मांडणी सविस्तर जाहीर करून इतरांनी ती तपासावी असे आवाहन केले. पुढच्या वर्षी नीट न बसलेली ऑप्टिकल फायबर केबल आणि घड्याळातला दोष सापडला. निष्कर्ष मागे पडला, पण तपासणीला लागणारे सगळे साहित्य त्यांनी आधीच समोर ठेवले होते.

७. निबंध कुठे ठेवायचा

पहिला विचार बहुतेकांच्या मनात आर्काइव्हचा येतो. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे पूर्वप्रतींचे, म्हणजे शोधपत्रिकेत छापण्यापूर्वी जाहीर केलेल्या निबंधांचे, भांडार भौतिकशास्त्रात रोज वाचले जाते, आणि म्हणूनच तिथे प्रवेश मोकळा नाही. नव्या लेखकाला त्या शाखेत आधीपासून लिहिणाऱ्या कोणाचे तरी अनुमोदन लागते, आणि ते मिळाल्यानंतरही नियंत्रक निबंध दुसऱ्या शाखेत हलवू शकतात किंवा नाकारू शकतात. अनुमोदन म्हणजे समीक्षा नव्हे. निबंध त्या विषयाला धरून आहे एवढीच ती ग्वाही असते. तरीही अनोळखी प्राध्यापकांना सरसकट ईमेल पाठवून अनुमोदन मागणे हा दार बंद करून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणखी एक: तिथे जाहीर झालेला निबंध पुसता येत नाही. मागे घेतला तरी जुनी आवृत्ती दिसत राहते.

हौशी लेखकासाठी मी झेनोडो सुचवतो. सर्नच्या आधारावर २०१३ पासून चालणाऱ्या या भांडारात कोणालाही विनामूल्य निबंध, आकडे आणि प्रोग्राम ठेवता येतात, डीओआय (DOI) हा निबंधाची कायमची ओळख असलेला क्रमांक मिळतो, तारीख नोंदली जाते आणि सुधारित आवृत्त्या एकाच साखळीत राहतात. "माझी कल्पना कोणी चोरेल" ही भीती यातून सुटते, कारण तारखेसह सार्वजनिक नोंद हाच अग्रक्रमाचा सर्वांत सोपा पुरावा आहे. डीओआय म्हणजे मान्यतेचा शिक्का नव्हे, हे मात्र विसरू नका; तो पत्ता आहे. परवाना निवडताना श्रेय देऊन वापराची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा प्रकार बहुधा योग्य ठरतो.

२००९ मध्ये आर्काइव्हला पर्याय म्हणून निघालेल्या व्हिक्स्रा (viXra) या भांडारावर चाळणी जवळजवळ नाही. तिथे चांगले कामही आहे, पण ते शोधायला कोणी जात नाही, म्हणून माझ्या मते त्याचा फायदा थोडा आणि तोटा अधिक आहे.

शोधपत्रिकांच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेत. काही दिवसांत स्वीकृतीची हमी देऊन शुल्क मागणारे आणि तुमच्या "मौलिक योगदानाचे" कौतुक करणारे ईमेल सरळ काढून टाका. पैसे गेल्यावर निबंध अशा ठिकाणी छापला जातो जिथे त्याचे नाव घेणेही नुकसानीचे ठरते. आणि अध्यापनविषयक पत्रिका सोप्या असतील असे समजू नका. अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स नवे सैद्धांतिक निष्कर्ष किंवा प्रस्थापित सिद्धांतांना आव्हान देणारे लेखन घेत नाही, आणि हे तिच्या धोरणातच लिहिलेले आहे. पाठवण्यापूर्वी धोरण वाचल्यास काही महिने वाचतात.

८. जाणकाराला लिहिताना

संपूर्ण निबंधावर अभिप्राय मागू नका. एक पायरी निवडा. पत्राचा नमुना असा असू शकतो:

"आदरणीय महोदया, घूर्णन करणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या क्षेत्रावरील आपला निबंध मी वाचला आहे. त्यातील दुसऱ्या विभागात आपण जे सन्निकटन वापरले आहे, तेच मी सोबतच्या एका पानावर वेगळ्या सीमाअटीसह वापरले आहे. समीकरण ४ वरून ५ वर जाताना हे सन्निकटन अजूनही वैध राहते का, एवढेच मला विचारायचे आहे. मी संशोधन संस्थेत काम करत नाही. आपल्याला वेळ नसल्यास उत्तराची अपेक्षा नाही."

असे पत्र त्याच निबंधाच्या लेखिकेला जाते, दहा जणांना एकदम नाही. विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी ज्येष्ठ प्राध्यापकांपेक्षा अधिक उत्तरे देतात असा माझा अनुभव आहे. त्यांना ती पायरी ताजी आठवत असते. उत्तर न आल्यास एकदा स्मरणपत्र चालते, दुसऱ्यांदा नाही. इंटरनेटवरील प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी स्वतःची उपपत्ती मांडणे बहुतेक वेळा नियमांत बसत नाही, पण तिच्यातील एखादा प्रमाण भौतिकशास्त्राचा प्रश्न वेगळा काढून विचारला तर उत्तम उत्तरे मिळतात.

९. प्रतिसाद आल्यावर

आक्षेप आला की तो आधी स्वतःच्या शब्दांत लिहून काढा आणि "तुमचे म्हणणे असेच आहे ना?" असे विचारून घ्या. त्यानंतर आकडेमोड करा, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. आक्षेप खरा ठरला आणि दुरुस्ती शक्य असेल, तर नवी आवृत्ती ठेवा. तिच्या सुरुवातीला काय बदलले याची दोन ओळींत नोंद करा आणि आक्षेप घेणाऱ्याचे आभार माना. त्याचे नाव छापण्यापूर्वी मात्र परवानगी घ्या, कारण अनेकांना आपले नाव अपरिचित उपपत्तीशी जोडलेले नको असते, आणि "अमुक प्राध्यापकांनी माझे काम पाहिले आहे" असे जाहिरातीसारखे वापरले तर तो माणूस पुन्हा उत्तर देणार नाही.

दुरुस्ती शक्य नसेल, तर निबंध गुपचूप काढून टाकण्याऐवजी वर्णनात लिहा: "समीकरण ५ मधील गृहीतक चूक असल्याने हा निष्कर्ष मागे घेतला आहे, कारण आवृत्ती ३ च्या परिशिष्टात दिले आहे." तीच कल्पना पुढे ज्याला सुचेल त्याला शोध घेताना ही नोंद सापडेल, आणि त्याचा दुसऱ्या टप्प्यातला बराच वेळ वाचेल.